चष्मे, नग अकरा

दाजी,

तुम्ही गेल्याला आज बावीस दिवस झाले. परवा माझ्या टेबलावर एक बिल येऊन पडलं आणि त्याबद्दल ज्याला विचारावं असा एकच माणूस होता, तो तुम्ही. म्हणून हे लिहितो आहे. तुमची नोकरी किती वर्षांची, शाळा कोणत्या, मागे कोण कोण आहे, हे सगळं ताईने पेपरात दिलेल्या चौकटीत येऊन गेलं. त्यात तुमच्या सेवेचं एक वर्ष कमी पडलं होतं. मी ताईला काही बोललो नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "झाला का आक्षेप सुरू?"

बिल एका सरकारी शाळेचं आहे. त्यावर लिहिलं आहे, 'विज्ञान साहित्य. अंतर्गोल भिंगे, नग अठ्ठावीस.' आमच्या लेखा शाखेत निकिता म्हणून नवीन मुलगी आली आहे, ती ते घेऊन आली. "सर, हे जरा वियर्ड आहे. सायन्सचं सामान आणि बिल चष्म्याच्या दुकानाचं?" मी म्हटलं, ठेव इथे, बघतो.

बघण्यासारखं काही नव्हतं. शाळेत शिकवायला बहुतेक बहिर्गोल भिंगं लागतात, उन्हात धरून कागद जाळायला. अंतर्गोल एखाददुसरं पुरतं. आणि लांबचं न दिसणाऱ्याच्या चष्म्यात अंतर्गोल भिंग बसतं, एका माणसाला दोन. अठ्ठावीस अंतर्गोल भिंगं म्हणजे फळा न दिसणारी चौदा मुलं. मार्च संपायला थोडेच दिवस उरले होते. तोवर बिल मंजूर झालं नाही तर त्या नावाचे पैसे परत जातात. मंजूर केलं तर खोट्या नावाच्या खर्चावर माझी सही होणार होती. गेल्या एकोणतीस वर्षांत अशी सही मी केलेली नव्हती. हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? त्याची किंमत तुम्हीच भरलीत.

पायलची गोष्ट तुम्ही मला एकदाच सांगितलीत, बिबवेवाडीच्या गच्चीवर, ताईने पिळून दिलेले कपडे वाळत घालताना. पाचवीतली मुलगी. शेजारणीच्या वहीत बघून लिहायची. तुम्ही तीन महिने तिला पकडत होता. वर्गासमोर तिला कॉपीखोर म्हणालात. मग मागच्या बाकावर एकटीला बसवलंत, तर तिची वही कोरी राहू लागली. तुम्हाला वाटलं, बघा, चोरी बंद झाल्यावर काहीच येत नाही. एके दिवशी चिडून म्हणालात, ऊठ, वाच फळ्यावरचं. ती उठली, चालत चालत फळ्यापाशी गेली, नाक टेकेल इतकी जवळ, आणि तिथून सगळं घडाघडा वाचलं.

"मला वाटलं फाजीलपणा करतेय," तुम्ही म्हणालात. तुमच्या हातात ताईचा परकर होता, तो तसाच राहिला. "ती खाली मान घालून जागेवर गेली. आणि मी तिला बस म्हणायचंसुद्धा विसरलो, मेहुणे."

त्यानंतर तुम्ही डोळे तपासायचा तक्ता आणलात, व्हरांड्यात वीस फूट मोजून तेलरंगाने रेघ मारलीत आणि एकेका मुलाला त्या रेघेवर उभं केलंत. अकरा निघाली. गंमत म्हणजे, गंमत नव्हेच ती, ही अकराही नावं आधीच कागदावर होती. वर्षाच्या सुरुवातीला डॉक्टरांचं पथक येऊन गेलं होतं आणि त्यांनी प्रत्येकाच्या कार्डावर नीट अक्षरात लिहिलं होतं, 'चष्मा आवश्यक.' कार्डं शाळेच्या कपाटात होती. "म्हणजे सरकारला माहीत होतं," मी म्हणालो. "सरकारचं सोडा," तुम्ही म्हणालात. "कपाटाची किल्ली माझ्याकडे होती."

मग तुम्ही पत्रं लिहिलीत. आरोग्याकडून उत्तर आलं की तपासणी पूर्ण झाली आहे, चष्म्यांसाठी यंदा तरतूद उरलेली नाही. शिक्षणाकडून उत्तर आलं की चष्मा ही उपचाराची बाब आहे, शैक्षणिक साहित्यात ती बसत नाही. एका रविवारी दोन्ही पत्रं तुम्ही माझ्यापुढे ठेवलीत. मी दोन्ही वाचली आणि म्हणालो, दोघांचंही नियमाने बरोबर आहे. तुम्ही चहा अर्धा टाकून उठलात. आतून ताई मला म्हणाली, "तुला कोणी विचारलं होतं रे?" विचारलं होतं, दाजी. तुम्हीच विचारलं होतंत.

शाळेला खडू, डस्टर, झाडू, रजिस्टरं अशा किरकोळ खर्चासाठी वर्षाकाठी थोडं अनुदान मिळतं. तुम्ही चष्मे त्यातून घ्यायचं ठरवलंत. दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, "सर, भिंगं म्हणून लिहितो. विज्ञान साहित्य. कोणी विचारत नाही. सगळे तसंच करतात." तुम्ही कोरं बिल घेऊन तडक धायरीला माझ्याकडे आलात. मी तेव्हा दुसऱ्या खात्याच्या लेखा शाखेत होतो, पण नियम सगळीकडे सारखेच.

मी म्हणालो, खरं ते लिहा. चष्मे, नग अकरा.

आपण त्या संध्याकाळी दोन तास भांडलो. माझं म्हणणं साधं होतं आणि मला ते आजही बरोबर वाटतं. ताई तूरडाळ आणायला निघते तेव्हा आधी डबा उघडून बघते. सरकारचा डबा म्हणजे मागच्या वर्षीचा खर्च. पुढच्या वर्षी कशाला किती द्यायचं हे ठरवताना आधी तिथे बघतात. तुम्ही चष्म्याला भिंग म्हणालात तर डब्यात भिंगं दिसणार. मग सरकार पुढच्या वर्षी भिंगं देणार आणि म्हणणार, चष्मे तर कोणी मागितलेच नाहीत. प्रत्येक हेडमास्तर आपल्यापुरती पळवाट काढतो, म्हणून मोठा रस्ता कधी होत नाही.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "सरकारला दिसेल तेव्हा दिसेल हो. पोरीला उद्या फळा दिसायला पाहिजे."

"दोन्ही होऊ शकतं."

"होऊ शकतं ना? लिहून देता?"

मी काही लिहून दिलं नाही. पण तुम्ही माझं ऐकलंत. बिलावर तुमच्या सुंदर अक्षरात लिहिलंत, 'चष्मे, नग अकरा.' अकरा मुलांना फळा दिसू लागला. आणि आठ महिन्यांनी लेखापरीक्षणाचा आक्षेप आला, 'सदर अनुदानातून अनुज्ञेय नसलेली बाब.' रक्कम तुमच्या पगारातून तीन हप्त्यांत वसूल झाली. ते ताईच्या ऑपरेशनचं वर्ष होतं. मी पैसे घेऊन आलो, तर तुम्ही पाकीट परत माझ्या खिशात घातलंत. "तुम्ही कशाला? तुम्ही तर बरोबर होता." हे तुम्ही कोणत्या सुरात म्हणालात, ते तेरा वर्षं झाली, मला नक्की सांगता येत नाही.

पुढच्या वर्षीच्या तपासणीत नऊ मुलं निघाली. आक्षेपाचा कागद फाइलला लागलेला होता, त्यामुळे पुन्हा तो खर्च करणं शक्य नव्हतं. खिशातूनही शक्य नव्हतं. त्या नऊ जणांचं काय केलंत, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. आकडा मला पाठ होता. मुलांबद्दल मात्र मी एका शब्दानेही विचारलं नाही.

त्या वर्षापासून तुम्ही मला आक्षेपसाहेब म्हणू लागलात. "या, आक्षेपसाहेब, मटणात मीठ बरोबर आहे का बघा, नाहीतर वसुली लावाल." मी हसायचो. ताई हसायची नाही.

आणि अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी तुमची ती फेरी. दोन वर्तमानपत्रं काखेत मारून सकाळी सकाळी धायरीला यायचात. पहिल्या पानावर रुपयाचं गोल चित्र असायचं, रुपया कुठून येतो आणि कुठे जातो, त्याच्या फोडी पाडलेल्या. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून ते चित्र डोळ्यांजवळ धरायचात आणि विचारायचात, "मेहुणे, यात चष्मा कुठल्या फोडीत बसतो?" मी दर वर्षी तेच उत्तर द्यायचो, की चित्रावरून काही कळत नाही, तरतूद वेगळी आणि खर्च वेगळा. जाहीर झालेला आकडा बघू नका, वर्षाअखेर त्यातला किती खर्च झाला ते बघा. शिक्षण आणि आरोग्य ही दोन खाती अशी, की तिथे उरलेल्या पैशाला लोक बचत म्हणतात. घरात पोराच्या औषधाचे पैसे उरले तर त्याला कोणी बचत म्हणेल का? असं मी म्हणालो की तुम्ही खूश व्हायचात. "हे बोललात माणसासारखं," म्हणायचात आणि दुसरा चहा मागायचात.

या वर्षीचा अर्थसंकल्प तुम्ही गेल्यानंतर आला. दोन वर्तमानपत्रं मी विकत आणली. उघडली नाहीत.

शेवटचे सहा दिवस तुम्ही सरकारी रुग्णालयात होता. ताईला आणि मला तुम्हाला खासगीत न्यायचं होतं. मी हिशेब करून ठेवला होता, जमत होतं. तुम्ही ऐकलं नाहीत. "माझ्या पोरांचे आईबाप जिथे जातात तिथे मी जाणार नाही, तर एवढी वर्षं त्यांना काय तोंडाने शिकवलं?" वॉर्ड लांबलचक होता आणि सिस्टर एकच. ती पळत होती, खरोखर पळत होती. तिची काही चूक मला सापडली नाही, आणि मी शोधत होतो. डॉक्टर चांगला होता, जागरणाने डोळे लाल झालेले. दोन औषधं आत नव्हती, ती बाहेरून आणावी लागली. त्यांच्या पावत्या मी तारखेप्रमाणे लावून फाइलमध्ये ठेवत होतो. चौथ्या दिवशी तुम्ही ती फाइल बघितलीत आणि ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हणालात, "सलाईन कुठल्या शीर्षाखाली टाकलंत?"

मी हसलो. त्याच वेळी बोलायचं होतं. तेरा वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते तोंडात आलं होतं. पण माझी एक अडचण होती, दाजी, आणि तुम्ही ती ओळखली असती. माझं चुकलं असं म्हणावं, तर मला ते पुरतं पटत नव्हतं. आणि मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलणं मला जमलं नसतं. म्हणून मी म्हणालो, "मास्क लावा." हे माझं तुमच्याशी शेवटचं वाक्य.

खासगीत नेलं असतं तर काय झालं असतं, हे गणित मी रोज मांडतो. ते सुटत नाही, कारण त्याची एक बाजू घडलीच नाही. ताई म्हणते, सोड आता. ती स्वतः सोडत नाही.

तुमच्या पुण्यानुमोदनाला हॉल भरला होता. वंदना झाली, मग लोक बोलायला उभे राहिले. बहुतेक जण बोलतात तसंच बोलले. मग तुमच्या शाळेतल्या शेख बाई उठल्या. त्यांनी तुमच्या एका सवयीबद्दल सांगितलं. मला वाटलं, कोणती ते मला ठाऊक आहे. लिहिताना मोठ्याने बोलायची सवय. किराण्याची यादी लिहा, पोस्टाचा फॉर्म भरा, तुम्ही प्रत्येक शब्द स्वच्छ उच्चारून लिहायचात. 'साखर. दोन. किलो.' आम्ही सगळे तुमची थट्टा करायचो. मी म्हणायचो, "दाजी, यादी लिहिताय की बातम्या देताय?" तुम्ही म्हणायचात, "वय झालं," आणि पुढचा शब्द मोठ्याने लिहायचात.

शेख बाई म्हणाल्या, "सर आधी असं करत नव्हते. त्या एका वर्षी नऊ मुलांना चष्मे मिळाले नाहीत. त्यांना पुढे बसवलं, पण पुढच्या बाकावर नऊ जण मावतात का? आणि पुढे बसूनही दोघांना दिसेना. तेव्हापासून सर फळ्यावर लिहिताना शब्दन् शब्द बोलायला लागले. गणितसुद्धा. बेरजेची रेघ मारली तर म्हणायचे, आता रेघ मारली. आम्हालाही सांगितलं, असंच करा. घसा बसायचा हो त्यांचा. पुढे मुलं बदलली, पण सवय काही सुटली नाही."

लोक हसले, मायेने हसले. ताईने माझ्याकडे बघितलं. तिला हे माहीत होतं, दाजी. तेरा वर्षं तिला माहीत होतं. मी तुमची थट्टा करायचो तेव्हा ती का हसत नव्हती, ते मला हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेलो असताना कळलं. घरी येताना रिक्षात मी तिला विचारलं, मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "त्यांनी बजावलं होतं. म्हणाले, तो प्रामाणिक माणूस आहे, त्याला कशाला त्रास?"

आता त्रास होतो आहे.

काल दुपारी मी त्या शाळेत फोन केला. मुख्याध्यापक बाईच बोलत होत्या.

"बाई, अठ्ठावीस भिंगं?"

"हो साहेब. विज्ञानाचा तास असतो ना."

"सगळी अंतर्गोल?"

मागे पोरांचा गोंगाट ऐकू येत होता. मग त्या म्हणाल्या, "साहेब, आम्ही दोन्हीकडे लिहिलं होतं. दोन्हीकडून उत्तर आलं." उत्तर काय आलं हे मी विचारलं नाही. "तुम्ही त्रुटी काढून परत पाठवणार असाल तर आत्ताच सांगा. दुकानदाराने चष्मे तयार ठेवलेत, पण बिल पास झाल्याशिवाय तो देत नाही. मी मुलांना अजून काही सांगितलेलं नाही. आशा लावून मग नाही म्हणायचं, ते नको वाटतं."

मी म्हणालो, कळवतो.

फोन ठेवला आणि तुमच्याशी भांडायला बसलो. तुमची सगळी वाक्यं मला पाठ आहेत, त्यामुळे अडचण आली नाही. मी म्हटलं, दाजी, बघा, तेरा वर्षांनी तेच बिल, तेच भिंग. माझंच खरं ठरलं की नाही? सगळे भिंगं लिहीत राहिले म्हणून डब्यात चष्मा कधी दिसलाच नाही. तुम्ही म्हणालात, ठरलं की. मग आता पोरांना काय सांगू, आमचे मेहुणे बरोबर होते?

तीन वाजता मी बिल मंजूर केलं. शेरा काही लिहिला नाही. निकिता म्हणाली, "सर, ओके आहे ते?" मी म्हटलं, हो. ती माझ्याकडे बघत राहिली. गेल्याच आठवड्यात मी तिला शिकवलं होतं की दुकानाचा शिक्का आणि मालाचं नाव जुळलं पाहिजे.

नंतर मी एक नवा कागद घेतला. पुढच्या वर्षासाठी नव्या बाबीचा प्रस्ताव, 'शाळेतील विद्यार्थ्यांसाठी चष्मे'. तुम्ही जे मागत होता ते, आणि मी म्हणत होतो त्या रीतीने. असे प्रस्ताव पाठवायला अजून अवकाश आहे, पण मसुदा कालच केला, कारण उद्यावर ठेवला तर मी स्वतःला समजावेन अशी भीती वाटली. नमुन्यातले सगळे रकाने भरत गेलो. गरज, लाभार्थी, कारण. शेवटून दुसरा रकाना असतो, 'या बाबीवरील मागील तीन वर्षांचा प्रत्यक्ष खर्च.'

तिथे खरा आकडा मला लिहिता येत नव्हता. चौदा चष्म्यांचा खर्च मी तासाभरापूर्वीच भिंगांच्या नावावर टाकला होता. इतर शाळांनी किती टाकला असेल, ते शोधायची सोयच नाही. नोंदीप्रमाणे उत्तर एकच होतं. तो आकडा नियमाने अचूक होता आणि खोटा होता. हा प्रस्ताव वर जाईल तेव्हा कोणीतरी माझ्यासारखाच माणूस आधी तोच रकाना बघेल आणि म्हणेल, गरज दिसत नाही. मीही तेच म्हणालो असतो.

मी पेन टेकवलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणालो, "शून्य."

निकिताने मान वर केली. "सर, मला काही म्हणालात?"

नाही म्हटलं.

आपला वाद संपलेला नाही, दाजी. तुम्ही जिंकलात असं मी म्हणणार नाही. तुम्हाला ते खोटं वाटलं असतं. माझंही बरोबर होतं असं आता म्हणवत नाही, तुमचा घसा आठवतो. हे पत्र मी छापायला देणार आहे. ते छापून आलं की माझ्यावर आक्षेप येईल. यायलाच हवा. वसुली माझ्या पगारातून व्हावी, हप्ते तीनच असावेत, एवढी विनंती करेन. तुम्हाला तीनच दिले होते.

त्या बाईंना मी संध्याकाळी कळवलं. त्या आभार मानू लागल्या तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि फळ्यापासून वीस फूट कुठे येतात, ते मोजून रेघ मारून घ्यायला सांगितलं. पुढच्या वर्षी पुन्हा लागेल.

हे मी तुमच्या बिबवेवाडीच्या घरी, तुमच्या टेबलावर बसून लिहितो आहे. ताई आत भाजी निवडते आहे. जे मला बिलावर लिहिता आलं नाही आणि प्रस्तावातही लिहिता आलं नाही, ते इथे लिहितो. लिहिताना तुमच्यासारखं मोठ्याने म्हणतो, म्हणजे तिलाही ऐकू जाईल.

चष्मे. नग. चौदा.